पश्चिममुखी चार घरे : नाशिकमधील कमी ऊर्जेच्या बांधकामाच्या नोंदी

म्हसरूळच्या पुढे, दिंडोरी रस्त्यालगत, प्रत्येकी सुमारे दोनशे चौरस मीटरच्या चार भूखंडांवर एकमेकांना लागून बांधलेल्या चार दुमजली घरांच्या या नोंदी आहेत. आराखडा आणि देखरेख माझ्याकडे होती, पैसा मात्र चार कुटुंबांचा होता, आणि त्यामुळे प्रत्येक निर्णय चार वेळा पटवून द्यावा लागला. असे घर बांधणाऱ्यांना, आणि त्याहून अधिक दुसऱ्याला असे घर बांधायला लावू पाहणाऱ्यांना, उपयोग व्हावा म्हणून खर्च, बिघाड आणि वाया गेलेला वेळ जसा होता तसा लिहिला आहे.

२६ नोव्हेंबर २०२३

दिवाळी उलटल्यावर चारही कुटुंबांची पहिली बैठक झाली. एक क्रमांकाचे घर शिक्षक दांपत्याचे आहे; दोन क्रमांकाचे नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेल्या गृहस्थांचे, ज्यांना सगळेच आबा म्हणतात; तीन क्रमांकाचे निफाड तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदाराचे, मुलांच्या शिक्षणासाठी; आणि चार क्रमांकाचे अंबडच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या एका तरुणाचे. चौघांचाही रस्ता पश्चिमेला आहे आणि चौघांनाही दर्शनी बाजूला मोठी काच हवी आहे. दुपारी दोन ते सहा या वेळात उन्हाचा मारा नेमका त्याच बाजूवर होतो.

विजेचे बिल कमी येईल, या मुद्द्याने मी सुरुवात केली आणि तो मुद्दा तिथेच संपला. आबा म्हणाले, "मॅडम, एसी आम्ही लावणारच नाही, मग वाचवायचे काय?" या प्रश्नाला बिलाच्या हिशेबात खरोखर उत्तर नाही. जो माणूस उकाडा सहन करून वीज वाचवत आला आहे, त्याला वीज वाचवण्याचे आमिष दाखवून उपयोग होत नाही. एप्रिल महिन्यात वरच्या मजल्यावर झोपता येईल का, एवढेच त्याला विचारायचे असते.

९ डिसेंबर २०२३

आज कागदावर फक्त सूर्य मांडला. नाशिक सुमारे वीस अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे २१ डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून साधारण साडेशेहेचाळीस अंशांवर असतो, तर मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो माध्यान्हीला डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. याचा अर्थ असा की दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा उन्हाळ्यात पुरेसा ठरतो आणि हिवाळ्यात तोच छज्जा ऊन आत येऊ देतो. मात्र उत्तरेची खिडकी पूर्ण निर्धोक आहे, ही समजूत आपल्याकडे खरी नाही. मेअखेरीस सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन उत्तरेकडून आत येते आणि ते आडव्या छज्जाने अडत नाही, त्यासाठी खिडकीच्या दोन्ही कडांना उभ्या पट्ट्या लागतात. त्यांचा खर्च नगण्य आहे, परंतु लिंटेल (खिडकीवरची आडवी तुळई) ओतण्यापूर्वी त्या आराखड्यात असाव्या लागतात.

पश्चिमेचे मात्र छज्जाने भागत नाही. तिथे जिना, संडास-बाथरूम आणि सामानाची खोली सरकवली आणि बैठकीच्या खोलीपुढे सहा फूट खोल पडवी घेऊन तिला वरून निम्म्यापर्यंत विटांची जाळी दिली. वास्तुशास्त्राचा सल्ला घेणाऱ्या दोन कुटुंबांचीही जिना पश्चिमेला नेण्यास हरकत नव्हती. पडवी ही तर जुन्या नाशकातील घरांना परिचित गोष्ट आहे, तिचे समर्थन करावे लागले नाही. चार क्रमांकाने पडवी नाकारली. त्यांना आठ फूट रुंद आणि सात फूट उंच काच रस्त्यावरून दिसायला हवी होती.

२१ जानेवारी २०२४

इको निवास संहिता हा निवासी इमारतींसाठीचा ऊर्जा संवर्धनाचा नियमसंच ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये आणला. तो पाचशे चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आहे, म्हणजे आमच्या घरांना तो लागू होत नाही. तरीही मी त्याचाच हिशेब वापरला, कारण त्यात एका घराची दुसऱ्याशी तुलना करता येते. थंड हवामानाचा भाग वगळता भिंती व खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा त्यात दर चौरस मीटरला १५ वॅट आहे, आणि छपराचे यू-मूल्य १.२ पेक्षा अधिक नसावे अशी अट आहे. यू-मूल्य जितके कमी, तितकी उष्णता कमी झिरपते.

तीन घरे पंधराच्या खाली आली. चार क्रमांकाचे घर वर गेले, आणि त्यात भिंतींचा वाटा थोडा व त्या एका काचेचा फार मोठा होता. तेवढ्याच काचेसमोर पडवी धरली की आकडा मर्यादेत येत होता. हा हिशेब त्यांना दाखवला. तरुणाने तो नीट समजून घेतला आणि काच कायम ठेवली. निर्णय त्याचा होता.

छपराचा आकडा मात्र सगळ्यांनाच धक्का देणारा ठरला. सहा इंचांच्या उघड्या स्लॅबचे यू-मूल्य चारच्या आसपास येते, म्हणजे संहितेच्या मर्यादेच्या तिप्पट. वरच्या मजल्यावर एप्रिलमध्ये झोपता न येण्याचे कारण भिंत नसून डोक्यावरचे काँक्रीट आहे, हे त्या दिवशी प्रथमच सर्वांच्या लक्षात आले.

३ मार्च २०२४

गेल्या महिन्यात केंद्र सरकारने पीएम सूर्यघर योजना जाहीर केली आणि आज चारही घरांतून त्याचविषयी फोन आले. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी तीस हजार व तिसऱ्याला अठरा हजार, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचे अनुदान आहे. तीन किलोवॉटचा संच आमच्याकडे उन्हाच्या दिवसांत रोज साधारण बारा युनिट देतो, तेव्हा योजना चांगलीच आहे. माझी तक्रार क्रमाविषयी आहे. छपरावर वीज तयार करण्यास अनुदान आहे, त्याच छपराखाली वीज कमी लागावी म्हणून घातलेल्या थरास मात्र काही नाही. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत हरित प्रमाणपत्राच्या श्रेणीनुसार मूळ एफएसआयच्या (भूखंडावर परवानगी असलेल्या बांधकामाच्या प्रमाणाच्या) ३, ५ अथवा ७ टक्के वाढीव क्षेत्र मिळते. ते बांधून विकणाऱ्याच्या उपयोगाचे असून ज्याला स्वतःपुरते घर बांधायचे आहे आणि हक्काचा एफएसआयही पुरा वापरायचा नाही, त्याला त्याचे काही मोल नाही. अशा माणसाला प्रोत्साहन देणारा शेवटी मिस्त्रीच असतो, आणि मिस्त्रीला कुणी विचारत नाही.

१८ एप्रिल २०२४

वरच्या स्लॅबची सेंट्रिंग चालू आहे. आज दोन गोष्टी ठरल्या, आणि स्लॅब ओतून झाल्यावर त्या ठरल्या असत्या तर दोन्ही महागात पडल्या असत्या.

पहिली गोष्ट सौर पॅनेलच्या पायांची. पॅनेल बसवणारे सहसा तयार गच्चीवर ड्रिल मारून बोल्ट बसवतात, म्हणजे वॉटरप्रूफिंगला तितकी भोके पडतात. आम्ही स्लॅबसोबतच नऊ इंचांचे चौकोनी ठोकळे ओतून घेण्याचे ठरवले. सेंट्रिंगवाल्याने त्याचे वेगळे पैसे मागितले, घरामागे चार हजार, आणि ते देणे योग्यच होते.

दुसरी गोष्ट पाण्याच्या टाकीची. वास्तूप्रमाणे टाकी नैर्ऋत्येला हवी, आणि त्यावर तीन घरांतील ज्येष्ठ ठाम होते. डिसेंबरात माध्यान्हीला टाकीची सावली तिच्या उंचीइतकीच उत्तरेकडे पडते व दुपारनंतर ईशान्येकडे लांबत जाते, म्हणून गच्चीच्या मधोमध पॅनेल लावले असते तर हिवाळ्यातील रोजची दुपार वाया गेली असती. टाकी हलवण्याचा वाद घालण्याऐवजी पॅनेलच दक्षिण कडेला, टाकीच्या पूर्वेस सहा-सात फूट सोडून घेतले. टाकी नैर्ऋत्येलाच राहिली आणि सावली पॅनेलच्या मागून निघून जाते.

१६ जून २०२४

पावसाच्या तोंडावर भिंतींचे काम सुरू झाले. एक व तीन क्रमांकाला आठ इंची एएसी ब्लॉक (हवेच्या बारीक पोकळ्या असलेल्या हलक्या काँक्रीटचे) आहेत, ज्यांना साइटवर सगळे सिपोरेक्सच म्हणतात. दोन्ही बाजूंच्या गिलाव्यासह अशा भिंतीचे यू-मूल्य ०.७५ च्या जवळपास येते, तर नऊ इंची विटांच्या भिंतीचे दोनच्या आसपास. गवंड्यांना ब्लॉक ठाऊक होते, पण ते विटांसारखेच रचण्याची सवय होती. पहिले तीन थर अर्ध्या इंचाच्या सिमेंट-वाळूच्या मसाल्यात आणि ब्लॉक पाण्यात भिजवून रचले गेले. ब्लॉक भरपूर पाणी शोषतो व सुकताना आकसतो, आणि जाड सांध्यांतून उष्णताही वाहते. ते थर उतरवायला लावले. तयार चिकट मसाल्याचा तीन मिलिमीटरचा सांधा, ब्लॉकच्या पृष्ठभागावर केवळ पाण्याचा हलका शिडकावा, आणि दातेरी थापी-फावडे, अशी पद्धत बसायला आठवडा गेला. मिस्त्रीची मजुरी चौरस फुटावर ठरलेली असल्याने मोडलेल्या कामाचे नुकसान त्याच्या अंगावर आले असते. ते मालकांनी वाटून घेतले, म्हणून पुढचे काम मनापासून झाले.

१४ जुलै २०२४

आबांना वीटच हवी होती. त्यांच्या पश्चिमेच्या भिंतीसाठी रॅट-ट्रॅप पद्धत सुचवली. यात विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या ठेवतात, त्यामुळे नऊ इंचांच्याच जाडीत मधे पोकळी राहते, विटा सुमारे पाव हिश्शाने कमी लागतात आणि उष्णताही अडते. केरळात लॉरी बेकर यांनी ही पद्धत रुळवली. आमच्याकडे ती अर्धवटच जमली. इथली भट्टीची वीट मापाला सारखी नसते. एक वीट बोटभर आखूड निघाली की पुढची रांग चुकते, आणि मसाला पोकळीत पडून ती बुजते. दोन गवंडी एका दिवसात जेवढी साधी भिंत उभी करतात त्याच्या निम्मीच झाली. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राच्या राखेपासून केलेल्या विटा अधिक समान मापाच्या मिळाल्या, त्या घेऊन पश्चिमेची एवढी एकच भिंत पुरी केली व बाकी घर साध्या पद्धतीने बांधले. विटांत वाचले तेवढे पैसे मजुरीत गेले. पुन्हा करायचे असेल तर आधी राखेच्या विटांचा पुरवठा पक्का करावा, मग मिस्त्रीशी बोलावे.

चार क्रमांकाला चारही बाजूंनी साधी नऊ इंची वीट आहे.

२५ ऑगस्ट २०२४

विजेच्या पाइपांसाठी भिंती खोदण्याचे काम. एएसी ब्लॉकवर छिन्नी-हातोडा चालवला की ब्लॉक फुटतो, म्हणून कटर वापरावा असे लिहून दिले होते; कटरची धूळ नको म्हणून एका खोलीत छिन्नीच चालली आणि आठ ब्लॉक बदलावे लागले.

पंख्यांविषयीही इथेच लिहिते तर बरे, कारण निर्णय याच आठवड्यात होतो. जुन्या धाटणीचा पंखा पंचाहत्तर वॅटच्या आसपास वीज घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचा) पंखा तीसच्या आसपास. त्याला नेहमीचा रेग्युलेटर लागत नाही. वायरमनने सवयीने सगळ्या बोर्डांत रेग्युलेटरची जागा धरली आणि साहित्यही आणून ठेवले. ते परत घेतले गेले नाही.

२९ सप्टेंबर २०२४

गिलावा पूर्ण. एक क्रमांकात काँक्रीटचे खांब आणि ब्लॉक जिथे भेटतात तिथे सरळ उभ्या भेगा दिसू लागल्या आहेत, तीन क्रमांकात एकही नाही. फरक जाळीचा आहे. तीन क्रमांकात प्रत्येक सांध्यावर सहा-सहा इंच दोन्ही बाजूंना पसरेल अशी कोंबडजाळी ठोकून मग गिलावा केला. एक क्रमांकात जाळी फक्त बाहेरून लावली गेली. आतला गिलावा पट्ट्यांत काढून पुन्हा करण्यास नऊ हजार रुपये लागले. ब्लॉक वाईट असतात, हा प्रवाद बहुधा अशाच भेगांमधून जन्मतो. चार क्रमांकाचे मालक ती भेग पाहून माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहत होते, आणि मला त्यांना बाजूच्याच घराची सलग भिंत दाखवता आली, हे एक बरे झाले.

१० नोव्हेंबर २०२४

पाऊस गेला, गच्चीचे काम सुरू. एक व तीन क्रमांकावर थरांचा क्रम असा ठेवला: स्लॅब, त्यावर उतार, त्यावर वॉटरप्रूफिंग, पाणी भरून तीन दिवसांची चाचणी, मग दोन इंची एक्सपीएसचे (उष्णता अडवणाऱ्या कडक फोमचे) फलक, त्यावर कापडी थर, त्यावर दोन इंचांचे काँक्रीट आणि शेवटी पांढऱ्या तुकड्यांचे चायना मोझॅक. याचे यू-मूल्य अर्ध्याच्या आसपास येते. फलकांना चौरस फुटाला पंचावन्न रुपये पडले, नऊशे चौरस फुटांना सुमारे पन्नास हजार. काँक्रीट आणि मोझॅक एरवीही करावेच लागले असते, म्हणून जादा खर्च तेवढाच धरावा.

क्रम महत्त्वाचा आहे. वॉटरप्रूफिंगच्या ठेकेदाराने फलक खाली व आपला थर वर घालण्याचा आग्रह धरला होता, कारण त्यामुळे त्याला गळती शोधणे सोपे जाते. पण मग तो थर रोज तापतो, रात्री निवतो आणि लवकर तडकतो. फलक वर असले की तो सावलीत राहतो. फलक उघड्यावर फार दिवस ठेवू नयेत, ऊन त्यांना मानवत नाही, आणि वजन इतके कमी की वारा सुटला की शेजारच्या रानात शोधावे लागतात. पॅनेलचे ठोकळे आधीच ओतलेले असल्याने त्यांच्याभोवती फलक कापून नीट बसवता आले.

आबांनी नेहमीचा विटांच्या तुकड्यांचा कोबा करून त्यावर चुन्याचे दोन हात दिले. खर्च दोन हजारांच्या आत. चार क्रमांकाने कोबा करून सिमेंटचा राखाडी पृष्ठभाग तसाच ठेवला. फलकांचे पन्नास हजार त्यांनी पश्चिमेच्या काचेकडे वळवले आहेत.

२२ डिसेंबर २०२४

खिडक्यांवरून सर्वाधिक वाद झाला आणि तो घरातील स्त्रियांशी झाला, कारण प्रश्न त्यांचा होता. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी उघडली तरी निम्मीच उघडी राहते. संहितेत तिचे उघडे क्षेत्र ५० टक्के धरतात, तीन पल्ल्यांच्या सरकतीचे ६७ आणि बिजागरीच्या खिडकीचे ९०. नाशिकची रात्र उन्हाळ्यातही बऱ्यापैकी निवते, तेव्हा दिवसा बंद आणि रात्री सताड उघडी अशी खिडकीच इथली खरी वातानुकूलन यंत्रणा आहे. अशा घराला सरकत्या खिडक्या देणे म्हणजे निम्म्या खिडक्यांचे पैसे देऊन त्या कायमच्या बंद ठेवणे होय.

बिजागरीची खिडकी बाहेर उघडते, आणि आपल्याकडे खिडकीबाहेर पेटीसारखी ग्रिल हवी असते, ज्यात कुंड्या, ओली फडकी आणि वेळप्रसंगी कुरडयांची ताटे राहतात. तीन क्रमांकाच्या वहिनींनी स्पष्टच सांगितले, "मॅडम, ग्रिल जाणार असेल तर खिडकी राहू द्या." शेवटी शयनगृहांना बिजागरीच्या खिडक्या, आतून सपाट ग्रिल व घडीची डासजाळी, आणि स्वयंपाकघराला सरकती खिडकी व बाहेर पेटी, असा समेट झाला. डासजाळी नसेल तर रात्री एकही खिडकी उघडली जात नाही, हे कोणत्याही हिशेबात येत नाही. घरामागे अठ्ठावीस हजार जादा लागले.

१९ जानेवारी २०२५

सौर बंब चालू झाले, पण तीन क्रमांकात थंडीच्या सकाळी नळाला ऊन पाणी येईपर्यंत दोन बादल्या वाहून जातात. बंब गच्चीच्या पूर्व टोकाला आणि बाथरूम पश्चिमेला असल्याने पाइपाचा मार्ग लांब झाला, शिवाय प्लंबरने भिंतीतला पाइप आवरण न घालता गाडून टाकला. आता फक्त उघड्या भागाला आवरण घालता येईल. एक क्रमांकात बंब थेट बाथरूमच्या डोक्यावर आहे आणि तक्रार नाही. पश्चिमेला बाथरूम नेताना बंबाची जागाही त्याच दिवशी आराखड्यावर दाखवायला हवी.

बोअरच्या पाण्याचा क्षार काचनळ्यांत साचतो. वर्षातून एकदा साफसफाई धरून चालावे.

२० एप्रिल २०२५

चारही घरांत लोक राहू लागले आहेत. दीड हजार रुपयांच्या लेझर थर्मामीटरने रात्री नऊच्या सुमारास वरच्या मजल्याच्या छताचे तापमान घेतले. सहा इंची स्लॅब दुपारी शोषलेली उष्णता चार-पाच तासांनी आत सोडते, म्हणून ही वेळ. फलक घातलेल्या दोन घरांत छत ३१ ते ३२ अंश, आबांच्या चुन्याखाली ३४, आणि चार क्रमांकात ३८. एकाच रस्त्यावरची चार घरे आहेत, एकाच दिवशीचे आकडे आहेत. पण भिंती आणि खिडक्याही वेगळ्या असल्याने सगळा फरक छपराच्या खाती टाकू नये.

आबांचा चुना मला सगळ्यांत शिकवणारा वाटला. दोन हजारांत चार अंश. मात्र धूळ आणि पावसाळ्यातील शेवाळ त्याचा पांढरेपणा घालवतात, दर मार्चमध्ये तो पुन्हा मारावा लागेल, आणि आबांनी तो मारला म्हणून हा आकडा आला आहे.

आकड्यांपेक्षा मोठा परिणाम दुसऱ्याच गोष्टीने झाला. चार क्रमांकाच्या आई एक क्रमांकात हळदीकुंकवाला गेल्या होत्या, तिथे वरच्या खोलीत बसल्या आणि घरी येऊन मुलाला म्हणाल्या की त्यांच्याकडे वर पंख्याचा वारा गार लागतो. माझा जानेवारी २०२४ चा तक्ता त्यांच्या घरी अजून तसाच आहे. तरुणाने दुसऱ्याच दिवशी फोन केला.

१ जून २०२५

यंदा मे महिन्यातच पाऊस सुरू झाल्याने मेची मोजमापे घेता आली नाहीत. चार क्रमांकासाठी अंदाजपत्रक केले. तयार गच्चीवर फलक घालायचे तर पॅनेल उतरवणे, पॅरापेटकडील पाणी जाण्याची तोंडे उंच करणे, जिन्याच्या दाराचा उंबरा वाढवणे आणि वरचे काँक्रीट नव्याने करणे आले. एकूण एक लाख पस्तीस हजार, म्हणजे नोव्हेंबरात झाले असते त्याच्या अडीचपटीहून अधिक. जादा वजनाबाबत स्ट्रक्चरल अभियंत्याचे लेखी मत मागवले आहे. पश्चिमेच्या काचेसमोर लोखंडी चौकटीत बांबूच्या उभ्या पट्ट्या लावण्याचे बावीस हजार वेगळे. त्यांनी पट्ट्या लगेच आणि गच्ची पावसाळ्यानंतर असे ठरवले असून तोवर उघडीप मिळाली की चुना मारण्याचे आबांनी मिस्त्रीला परस्पर सांगून टाकले आहे.